एकशे ऐंशी बिया आणि एक वेलांटी

चॉकलेट घरी करायचं ठरवलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. तिसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीत याबाबत वेगळंच पसरलं होतं, म्हणून सांगावं लागतं.

झालं असं, की माझा मेव्हणा सरकारी उद्यानात काचघराचा मुख्य माळी आहे. तिथल्या कोकोच्या झाडाला अकरा वर्षांनी पहिल्यांदा फळं धरली आणि त्यातली पाच तो वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला. कोकोचं फळ मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कोको डब्यात येतो, डबा दुकानात येतो, एवढंच माझं ज्ञान. प्रत्यक्षात ते फळ म्हणजे खाऊन-पिऊन सुखी असलेलं, पिकून नारिंगी झालेलं एक अगडबंब कारलं दिसत होतं.

"भावोजी, यातून चॉकलेट निघतं," मेव्हणा म्हणाला.

"निघतं म्हणजे? आत असतं?"

"करावं लागतं. मी लिहून देतो."

त्यानं बसच्या तिकिटामागं लिहून दिलं : आंबवा, वाळवा, भाजा, सोला, वाटा, थापा. सहा शब्द. आता मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात सत्तावीस वर्षं काढलेला माणूस. आमचा साधा अर्ज चार पानांचा असतो. सहा शब्दांत मावणारं काम मला कधीच अवघड वाटलेलं नाही.

त्याच महिन्यात माझी बायको मुख्याध्यापिका झाली होती आणि तिनं शाळेतल्या चौदा शिक्षकांना पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी घरी बोलावलं होतं. ती वहीत काय काय करायचं ते लिहीत बसली होती. मी तिकीट हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "गोडाचं माझ्याकडे."

तिनं मान वर केली. "तुम्ही?"

त्या एका शब्दात आमचा सव्वीस वर्षांचा संसार होता. मी चहा केला तर गाळणी शोधायला तिला उठावं लागतं, हे खरं आहे. पण गाळणीची जागा ती बदलते, हेही खरं आहे. असो.

"मी," म्हणालो. "आणि कुणाच्याही मदतीशिवाय."

सोमवारी तिनं हे सहज शास्त्राच्या बाईंना सांगितलं आणि त्या बाईंनी मधल्या सुट्टीत सगळ्या स्टाफरूमला सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंचे मिस्टर फळापासून चॉकलेट करताहेत! परतीचा रस्ता तिथंच बंद झाला.

पण सोमवार नंतरचा. शनिवारी मेव्हणा गेल्या गेल्या पहिलं फळ कापलं. आत पांढऱ्या लुसलुशीत गरात गुंडाळलेल्या बिया, ओळीनं, दाटीवाटीनं. हा गर बियांसकट आंबवायचा, असं मेव्हण्यानं बजावलं होतं. मी पातेलं आणायला आत गेलो आणि बाहेर आलो तर माझी आई एक बी चोखत होती.

"आई! तो गर पाहिजे मला!"

"छान आहे की रे. आंबटगोड." तिनं चोखलेली बी प्रामाणिकपणे फळात परत ठेवली आणि दुसरी उचलली.

तेवढ्यात समोरच्या वहिनी आल्या. आमच्या घरात काही कापलं जातंय हे त्यांना बंद दारातून कळतं. त्यांनी एक चोखली. बायकोनं 'बघू तरी' म्हणत एक चोखली, मग आणखी तीन बघितल्या. पाच मिनिटांत पहिल्या फळातल्या छत्तीस बिया चकचकीत होऊन रांगेत पडल्या होत्या. उरलेली चार फळं मी छातीशी धरून न्हाणीघरात नेली आणि आतून कडी लावली. चोखलेल्या बिया एका वाटीत वेगळ्या ठेवल्या. पाहुण्यांना घालायचं म्हणजे काही नीतिमत्ता आहे की नाही?

आंबवण्यासाठी ऊब लागते. सहलीला न्यायचा थर्मासचा मोठा डबा घेतला, त्यात गरासकट बिया भरल्या, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि वरून माझा लोकरी कोट पांघरला. दिवसातून दोनदा ताप बघायचो. घरात थर्मामीटर एकच, माणसांचा. तो बेचाळीसच्या पुढे दाखवत नाही, कारण बेचाळीसच्या पुढे माणूसच राहत नाही. बिया मात्र तिसऱ्या दिवशी बेचाळीस ओलांडून सुखरूप होत्या. मी वहीत तारीखवार नोंद ठेवली होती. ऑफिसात ती वही शेजारच्या टेबलानं पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, "घरी कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "बिया." त्यानं दिवसभर माझ्याशी फार प्रेमानं वागायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी वास सुटला. गर आंबला की आधी त्याची दारू होते, हे मेव्हण्याच्या सहा शब्दांत कुठंही नव्हतं. जिन्यात, दारात, पार तळमजल्यापर्यंत एखाद्या गुत्त्यासारखा दरवळ पसरला. संध्याकाळी समोरच्या वहिनी दार लोटून आल्या, खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, राग मानू नका. माझ्या आतेभावाचंही असंच एका डब्यापासून सुरू झालं होतं."

"वहिनी, मी चॉकलेट करतोय."

"तोही म्हणायचा, सरबत करतोय." त्यांनी एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांचा नंबर होता. "भला माणूस आहे. ओरडत नाही."

मी आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा घाबरत घाबरत घेतलं आहे. ती चिठ्ठी मी फाडणार होतो, पण आईनं काढून घेतली आणि फोनच्या डायरीत जपून ठेवली. म्हणाली, "असू दे. नंबर कधी वाया जात नाही."

चौथ्या दिवशी सेक्रेटरीसाहेब आले. त्यांची ओळख करून द्यायला हवी. हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. चाळीस वर्षं इस्पितळाच्या औषधखोलीत औषधं कुटण्यात आणि पुड्या बांधण्यात गेली. निवृत्तीनंतर तोच काटेकोरपणा त्यांनी आमच्यावर वापरायला घेतला होता. त्यातून माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. दोन वर्षांपूर्वी नातीला शाळेत घालायचं म्हणून ते तिच्या जन्माच्या दाखल्यासाठी माझ्या खिडकीवर आले होते. इस्पितळाच्या कागदावर नावात दुसरी वेलांटी होती आणि यांच्या अर्जात पहिली. मी त्यांना परत पाठवलं. एकदा नाही, तीनदा. नियम म्हणजे नियम, शेजारी म्हणून वेलांटी बदलत नाही. त्यानंतर जिन्यात ते माझ्याकडे भिंतीवरच्या ओलीकडे बघावं तसे बघत.

"इमारतीत मद्य गाळलं जातंय अशी तोंडी तक्रार आहे," ते दारातूनच म्हणाले. "पाहणी करावी लागेल."

मी त्यांना न्हाणीघरात नेलं. त्यांनी कोट बाजूला केला, झाकण उघडलं, वाकले आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. चाळीस वर्षं बाटल्या हुंगलेलं नाक ते.

"दारू काल होती," ते म्हणाले. "आज व्हिनेगर आहे."

"म्हणजे मी निर्दोष?"

"मद्याच्या बाबतीत." आणि त्यांनी खिशातून कागद काढून तिथल्या तिथं 'उग्र वास' या सदराखाली नोटीस लिहिली. सही, तारीख, शिक्का. शिक्का ते खिशात बाळगतात.

शुक्रवारी बिया आंबून तपकिरी झाल्या. आता वाळवायच्या. आमच्या बाल्कनीत ऊन सकाळी सात मिनिटं येतं आणि तेही समोरच्या इमारतीच्या मेहेरबानीनं. म्हणजे गच्ची. गच्चीची किल्ली कुणाकडे, हे सांगायलाच नको.

"लेखी अर्ज द्या," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

मी अर्ज लिहिला. 'कोकोच्या बीया वाळविण्यासाठी गच्ची मिळणेबाबत.' सुवाच्य अक्षर, समास सोडलेला, खाली विनीत. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, आपला कसा असावा हे मला कळत नव्हतं थोडंच? दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. एका शब्दाभोवती लाल गोल होता.

मी तडक खाली गेलो. "काय चुकलं?"

"'बिया'मधली वेलांटी पहिली असते," ते चष्म्यावरून म्हणाले. फार शांतपणे म्हणाले. दोन वर्षांची शांतता होती ती.

"बी दीर्घ असते, साहेब."

"एकवचनात. अनेकवचनात ऱ्हस्व. एकच बी वाळवणार असाल तर अर्ज आहे तसा मंजूर करतो."

घरी येऊन शब्दकोश काढला. त्या ग्रंथानं ऐन वेळी माझी बाजू सोडली. बिया दोन दिवस इस्त्रीच्या टेबलावर, पलंगाखाली आणि टीव्हीच्या डोक्यावर पसरून काढल्या, दुसरा अर्ज रविवारी मंजूर झाला आणि आई गच्चीवर राखणीला बसली. मदत घ्यायची नाही हे मी बायकोला सांगितलं होतं, आईला नाही. छत्री, काठी, स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन ती सहा दिवस कावळ्यांशी लढली. आईला गच्ची इतकी मानवली की तिचा गुडघा दुखायचा थांबला. तिथं कपडे वाळत घालायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं माझ्या व्यसनाची अफवा कशी खोटी आहे ते समजावून सांगितलं. ज्यांना अफवा माहीत नव्हती, त्यांना आधी अफवा सांगितली.

शनिवारी भाजल्या. आणि काय सांगू, पहिल्यांदाच त्या घरात चॉकलेटचा वास आला! खरा, दुकानातल्यासारखा. बायको तपासायच्या वह्या टाकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. त्या आनंदात मी बिया मोजल्या. एकशे ऐंशी. न्हाणीघरात मी मोजून भरलेल्या चार फळांच्या होत्या एकशे चव्वेचाळीस.

"आई, त्या वाटीतल्या छत्तीस कुठं गेल्या?"

"त्याच डब्यात टाकल्या मी. तेव्हाच. वेगळ्या ठेवून बिचाऱ्या सुकत होत्या."

"त्या चोखलेल्या होत्या!"

"भाजल्यावर काय राहतंय?" आई म्हणाली आणि वर्तमानपत्र उघडून बसली.

सालं सोलली. ती उडवायला बाल्कनीत टेबलफॅन लावला. सालं उडाली आणि समोरच्या वहिनींच्या दोरीवरच्या दोन ओल्या पांढऱ्या चादरींवर जाऊन चिकटली. मी माफी मागायला गेलो तर वहिनी चादर नाकाशी धरून उभ्या होत्या. "राहू द्या, भावजी," त्या म्हणाल्या. "आजची रात्र अशीच अंथरते."

इथवर सगळं ठीक होतं. मग आला पाचवा शब्द. वाटा.

मिक्सर बायकोचा. मी तो दुपारी ती बाजारात गेल्यावर लावला. पहिली दोन मिनिटं भुगा झाला, पुढची दोन मिनिटं भुग्याचा चिखल झाला आणि मग मिक्सरनं असा आवाज काढला की तो मला नावानं हाक मारतोय असं वाटलं. मागून निळा धूर आला. खालच्या दुरुस्तीवाल्यानं तो उघडून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, आत खडी टाकली होती का?" निम्म्याहून जास्त कोको मिक्सरच्या पोटात जळून गेला होता. उरला तो वाडगाभर खरबरीत भुगा.

बायको बाजारातून आली. मिक्सर जागेवर नाही हे तिनं पाहिलं. मी कबूल केलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी दुकानातून आणून ठेवू का काही? कुणाला कळणार नाही."

म्हणजे माझी लाज राखायला ती माझ्या बाजूनं खोटं बोलायला तयार होती. मी म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत थांब."

रविवारी सकाळी स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. मला जिन्याच्या वळणावर हाकललं गेलं. तिथं मी भुगा जाड कापडात बांधून हातोडीनं कुटायला लागलो. चौथ्या ठोक्याला सेक्रेटरीसाहेब खालून वर आले. हातात नोटिशीचा कागद, खिशात शिक्का.

"रविवारी ठोकाठोक करायला..." ते म्हणाले आणि थांबले. माझ्या हाताकडे बघत राहिले. "हे काय करताय तुम्ही?"

"वाटतोय."

"याला वाटणं म्हणतात?" त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख होतं. सतार कुणी लाटण्यानं वाजवावी आणि उस्तादानं ते पाहावं, तसं. ते वळून तडक खाली गेले. मला वाटलं, आता पोलीस. पाच मिनिटांनी ते एक-एक पायरी थांबत वर आले. दोन्ही हातांत काळ्या दगडाचा खल आणि त्यात बत्ता.

"निवृत्तीला घड्याळ देत होते," ते धापा टाकत म्हणाले. "मी म्हटलं, घड्याळ नको, हा द्या."

त्यांनी खल गरम पाण्याच्या परातीत ठेवून तापवला, भुगा घातला आणि बाह्या वर केल्या. "कुटायचं नाही. फिरवायचं. भिंतीला दाबत. असं." बत्ता फिरू लागला आणि दगडातून एक मऊ, सलग आवाज येऊ लागला. वीस मिनिटांनी त्यांनी तो माझ्या हाती दिला. माझ्या पाचव्या फेऱ्याला म्हणाले, "मनगट नव्हे, खांदा." आठव्याला म्हणाले, "घाई कशाची आहे? मरतंय का कोणी?" ते म्हणायची त्यांची चाळीस वर्षांची सवय असावी.

तासाभरानं भुगा ओलसर झाला. मी त्यांना छत्तीस बियांची गोष्ट सांगून टाकली. मनावर ओझं होतं. ते म्हणाले, "किती वेळ भाजल्या?"

"अर्धा तास. चांगल्या काळ्या होईस्तोवर."

"मग काही जिवंत राहत नाही. निश्चिंत राहा." असं 'निश्चिंत राहा' मला आजवर कुठल्या डॉक्टरनं म्हटलेलं नाही.

आम्ही आळीपाळीनं वाटत राहिलो. जिन्यानं जाणारे-येणारे पाय बाजूला घेऊन जात होते. दुसऱ्या तासाला भुग्याला तेल सुटलं आणि तो खलात सैलावला, चकाकायला लागला. साखर घातली. मग सेक्रेटरीसाहेब खलाकडे बघत म्हणाले, "नातीच्या नावात सुनेला पहिलीच वेलांटी आवडायची."

"आवड लिहायला रकाना नाही, साहेब," मी म्हणालो. आणि थोडा वेळ बत्ता फिरवून म्हणालो, "पण तीन खेपा नको होत्या घालायला. दुरुस्तीचा अर्ज मी पहिल्याच दिवशी हातात द्यायला हवा होता."

"असतो असा अर्ज?"

"नमुना सात."

त्यांनी हात पुढे केला. "राहू दे आता. नात स्वतःच लिहायला शिकली. दोन्ही वेलांट्या देते." आणि माझ्या हातातून बत्ता घेतला.

तीन वाजता चॉकलेट तयार झालं. ते साच्यात ओतावं एवढं नव्हतंच. तेव्हा सेक्रेटरीसाहेबांनी फरशीचा एक गुळगुळीत तुकडा आणला, त्यावर त्या गोळ्याची लांब वळकटी केली आणि औषधखोलीतल्या चपट्या पात्यानं एकसारखे तुकडे पाडून हातानं गोळ्या वळल्या. मोजून सतरा. डोळे मिटून दोन उचलाव्यात आणि वजनात फरक निघू नये. मग पांढऱ्या कागदाच्या सतरा पुड्या बांधल्या, इतक्या सुरेख की मला आपोआप विचारावंसं वाटलं, जेवणाआधी की नंतर?

पाच वाजता चौदा शिक्षक आले. खाणंपिणं झालं, आणि बायकोनं स्वतः ताट फिरवलं. पुड्या बघून सगळ्यांना हसू आलं, मग पुड्या उघडल्या आणि हसू थांबलं. मी दाराआड उभा होतो. सेक्रेटरीसाहेब माझ्या मागं होते. त्यांना मी बोलावलं नव्हतं, आईनं बोलावलं होतं. शास्त्राच्या बाई डोळे बारीक करून चघळत होत्या.

"साखर कमी आहे," त्या म्हणाल्या.

मी दाराआड आणखी आत सरकलो.

"कडू आहे. जरा आंबट. दाताखाली कण लागतात." त्यांनी गिळलं. मग कागद उलगडून त्याला लागलेलं बोटानं टिपलं. "पण आजवर आपण जे खात होतो ते काय होतं, असं वाटायला लागलंय. खरंच तुमच्या मिस्टरांनी केलं?"

"यांनी," बायको म्हणाली. "पंधरा दिवस लागून. माझी एक काडीची मदत नाही." आणि तिनं दाराकडे बघितलं. मिक्सरचं नावही काढलं नाही. सव्वीस वर्षांत तिनं चारचौघांत माझ्याकडे असं बोट दाखवलं नव्हतं. दाखवलं असेल, पण ते दुसऱ्या कारणांसाठी.

चौदा शिक्षक, एक बायको, एक आई. सतरावी पुडी समोरच्या वहिनींनी नेली आणि जाताना आईच्या कानात सांगून गेल्या, डॉक्टरांचा नंबर आता खोडून टाका. ताट रिकामं झालं. पाहुणे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांनी खाल्लं आणि मी मात्र अजून चव पाहिलेलीच नाही. एकाला विचारलं असतं तर अर्धी देऊन टाकली असती. पण करणाऱ्यानं मागायचं म्हणजे बरं दिसत नाही.

म्हटलं, निदान खल तरी धुऊन परत द्यावा. जिन्याच्या वळणावर गेलो. तिथं पायरीवर, खल मांडीवर घेऊन, सेक्रेटरीसाहेब बसले होते. पात्यानं आतली भिंत खरवडत होते. त्यांच्या हनुवटीपर्यंत तपकिरी झालं होतं. मला पाहताच पातं तोंडाजवळ थबकलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मग ते भिंतीकडे सरकले, माझ्यापुरती पायरी मोकळी केली आणि बत्ता माझ्या हातात दिला. बत्त्याला बरंच लागलेलं होतं.